संगणकावरील टपाल : हाताला बसणारे हत्यार



पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी अशा माळा निघाल्या. ह्या व्यासपीठांवरून धर्म, राजकारण, अर्थशास्त्र असे मोठाले विषय बोलले गेले. आमचा आजचा विषय त्यांच्या पंक्तीला बसणारा नाही. संगणकावर येणारे टपाल, म्हणजे आपण ज्याला ईमेल म्हणतो ते, वाचण्याचा जो प्रोग्रॅम असतो त्याची मांडणी रोजच्या कामाला सोयीची कशी करून घ्यावी, एवढेच आम्ही सांगणार आहोत. कामगार संघटनेच्या माणसाने हे का सांगावे, असे आपल्या मनात येईल. त्याला कारण एक घडलेली गोष्ट आहे. ती आधी सांगतो.

आमच्या युनियनच्या कचेरीत पूर्वी एक वृद्ध कारकून होते. आलेले प्रत्येक पत्र ते आवक बारनिशीत चढवीत, त्यावर शिक्का मारीत, आणि पत्रात सुनावणीची तारीख असली तर तिच्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढून पत्र वरच्या खणात ठेवीत. जाहिरातींचे कागद टेबलाखालच्या टोपलीत जात. पुढे ते निवृत्त झाले, टपाल संगणकावर येऊ लागले आणि बारनिशी कपाटात गेली. यंत्र सर्व काही ठेवतेच आहे, मग वही कशाला, असे आम्हा सर्वांना वाटले.

काही वर्षांनी एका वेल्डरचे प्रकरण आमच्याकडे आले. त्याला कामावरून कमी केले होते. सुनावणीची तारीख कळवणारे पत्र ईमेलने आले. त्याच दिवशी कर्ज देऊ करणाऱ्यांची, विमा विकणाऱ्यांची आणि सणाच्या सवलतींची पत्रेही आली. आमचे पत्र त्या गर्दीत खाली सरकत गेले. आम्ही ते पाहिले तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. आमच्या गैरहजेरीत प्रकरण निकालात निघाले. ते पुन्हा उभे करण्यात पाच महिने गेले, आणि त्या पाच महिन्यांत त्याचे घर त्याच्या बायकोने डबे करून चालवले. तो कचेरीत आला तेव्हा भांडला नाही. त्याने एवढेच विचारले, "भाऊ, पत्र आलंच नव्हतं का?" आम्हाला सांगावे लागले, "आलं होतं. आम्हीच पाहिलं नाही."

त्या दिवशी आम्हाला जे उमगले तेच आजच्या भाषणाचे सार आहे. यंत्र टपाल घेते. ते तोलत नाही. सुनावणीचे पत्र आणि साडीच्या सेलचे पत्र त्याच्या लेखी सारखेच. तोलण्याचे काम आमचे कारकून करीत होते. त्यांच्या जागी आम्ही यंत्र आणले, पण त्यांना ठाऊक असलेले कामाचे नियम यंत्राला सांगितले नाहीत. दोष यंत्राचा नव्हता.

आता कोणी म्हणेल, प्रोग्रॅम जसा मिळाला तसा वापरायचा, त्यात आपण काय बदलणार? येथे आमच्या व्यवसायातला एक दाखला देतो. १९४६ साली औद्योगिक रोजगार स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्यात नमुना स्थायी आदेश दिलेले असत. कारखान्याचे स्वतःचे आदेश प्रमाणित होईपर्यंत तो नमुना लागू राही. आणि मालकाने मसुदा पुढे ठेवला की त्यावर हरकती घेण्याचा, दुरुस्त्या सुचवण्याचा अधिकार कामगारांना असे. ज्या ठिकाणी कामगार गप्प बसले त्या ठिकाणी दुसऱ्याने लिहिलेले नियम चालले. संगणकाच्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे. तो उघडताच जी मांडणी दिसते ती कोण्या दूरच्या माणसाने सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी ठरवलेली असते. तो नमुना आहे. तो बदलण्याची सोय आत ठेवलेलीच असते. आपण दार उघडत नाही इतकेच.

आम्ही जो प्रोग्रॅम वापरतो त्याचे नाव थंडरबर्ड. मोझिला फाउंडेशनने त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी काढली. तो फुकट मिळतो आणि त्याची घडण कोणालाही वाचता येते, सुधारता येते. २०१२ साली मोझिलाने त्यावरचे आपले लक्ष कमी केले, तेव्हा स्वयंसेवकांनी तो हाती धरून जिवंत ठेवला. २०२० पासून मोझिलाच्याच एका वेगळ्या कंपनीकडे त्याचे काम आहे आणि ते मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालते. वर्गणीवर चालणारी संस्था काय असते हे आम्हाला ठाऊक असल्याने त्याच्याविषयी थोडी आपुलकी आहे, हे कबूल करतो. परंतु पुढे सांगतो त्यातल्या बहुतेक गोष्टी दुसऱ्या प्रोग्रॅमांतही निराळ्या नावांनी सापडतील.

पहिली गोष्ट डोळ्यांची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बारीक अक्षर वाचवत नाही, आणि जे वाचवत नाही ते राहून जाते. थंडरबर्डच्या मुख्य मेनूत अक्षराचा आकार वाढवण्याची सोय आहे आणि ओळींमधले अंतर दाट, मध्यम किंवा ऐसपैस करण्याचीही आहे. देवनागरीसाठी कोणता टाइप वापरावा हे सेटिंग्जमध्ये वेगळे सांगता येते. पत्रांची यादी वर आणि पत्र खाली, किंवा यादी डावीकडे आणि पत्र उजवीकडे, अशी रचनाही निवडता येते. आमच्या कचेरीतला पडदा रुंद आहे, म्हणून आम्ही दुसरी घेतली. एवढ्या बदलाला पाच मिनिटे लागतात. पण हातोड्याचा दांडा हाताला बसला की दिवसभराचे श्रम जसे हलके होतात, तसे होते.

दुसरी गोष्ट चाळणीची. तिला मेसेज फिल्टर म्हणतात. अमुक पत्त्यावरून पत्र आले, किंवा विषयात अमुक शब्द असला, तर त्याचे अमुक करावे, असा नियम आपण लिहून ठेवायचा. येथे आमची एक फजिती सांगण्यासारखी आहे. 'नोटीस', 'हिअरिंग' आणि 'सुनावणी' हे शब्द देऊन आम्ही पहिला नियम लिहिला आणि निश्चिंत झालो. आठवडाभर त्यात एकही पत्र सापडले नाही. मागाहून ध्यानात आले की प्रोग्रॅम आपण होऊन 'सर्व अटी जुळल्या तर' असे धरतो. 'कोणतीही एक अट जुळली तर' हे आपण निवडावे लागते. तीन्ही शब्द एकाच विषयात कोण लिहिणार? नियम लिहिल्यावर तो जुन्या टपालावर चालवून पाहण्याचे बटण तेथेच आहे. ते दाबून खात्री केल्याशिवाय कोणत्याही नियमावर विसंबू नये, हा धडा आम्ही घेतला.

चाळणीविषयी आणखी एक सावधगिरी. पुष्कळ लोक उत्साहाने प्रत्येक प्रकारच्या पत्राला वेगळा खण करतात, आणि महत्त्वाचे पत्र त्या खणात जाऊन तेथेच पडून राहते. आम्ही उलटे केले. बिनमहत्त्वाचे ते बाजूच्या खणात सरकवायचे; महत्त्वाचे ते जागचे हलवायचे नाही, फक्त त्याला रंग द्यायचा. टोपलीत टाकावयाचे असते ते जाहिरातींना.

तो रंग म्हणजे तिसरी गोष्ट. तिला टॅग म्हणतात. थंडरबर्डमध्ये पाच टॅग आधीच दिलेले असतात आणि १ ते ५ ह्या आकड्यांच्या कळांनी ते लागतात. ० दाबले की निघतात. त्यांची इंग्रजी नावे आमच्या उपयोगाची नव्हती. आम्ही सेटिंग्जमध्ये जाऊन ती बदलली: तांबडा तो 'तारीख', निळा तो 'उत्तर देणे', हिरवा तो 'सभासदाला कळवणे'. सुनावणीच्या पत्राला चाळणी आपोआप तांबडा रंग लावते. राहिलेले आम्ही वाचताना कळ दाबून लावतो. काम झाले की रंग काढतो. कारकुनांची तांबडी शाई अशी परत आली.

चौथी गोष्ट, 'सेव्ह्ड सर्च', म्हणजे जपून ठेवलेला शोध. ज्यांना तांबडा रंग आहे ती सर्व पत्रे, मग ती कोणत्याही खणात असोत, एका जागी दाखव, असे एकदा सांगून ठेवले की डावीकडच्या यादीत तो एक खणच होऊन बसतो. ध्यानात ठेवावयाचे एवढेच, की त्यात पत्राची नक्कल नसते, मूळ पत्रच दिसते. तेथे पुसले तर मूळच पुसले जाते. आमच्या कचेरीत सकाळी जो कोणी कुलूप काढतो त्याने आधी हा 'तारखा' नावाचा खण पाहावयाचा आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने त्या लिहावयाच्या, असा नियम आहे. फळा अजून ठेवला आहे. यंत्रावर विश्वास टाकावा, पण फळ्यावरचे चार जणांना दिसते.

लहानसहान सोयी पुष्कळ आहेत. तेच ते पत्र पुनःपुन्हा लिहावे लागत असेल तर त्याचा नमुना, म्हणजे टेम्प्लेट, करून ठेवता येतो. 'सोबत जोडले आहे' असे लिहून जोडायचे विसरण्याची आपल्या सर्वांची सवय प्रोग्रॅमला ठाऊक आहे. ठरावीक शब्द दिसले आणि जोडपत्र नसले तर तो पाठवण्याआधी विचारतो, आणि त्या शब्दांच्या यादीत आपले मराठी शब्द घालता येतात. परक्या पत्रातली दूरची चित्रे तो आपण होऊन उघडत नाही, हे तसेच राहू द्यावे. पत्र उघडले की नाही हे पाठवणाऱ्याला कळावे म्हणून पुष्कळदा ती घातलेली असतात.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची. नवे पत्र आले की प्रोग्रॅम कोपऱ्यात पाटी झळकवतो आणि आवाज करतो. लेखणी हातात धरली की टिंग, समोर सभासद बसला की टिंग. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या खटपटीने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ज्यांच्या पूर्वजांनी आठवड्याचा एक दिवस झगडून मिळवला त्यांनी आपला प्रत्येक तास त्या टिंगला देऊन टाकावा काय? ती पाटी आणि तो आवाज सेटिंग्जमध्ये बंद करता येतात. दर दहा मिनिटांनी टपाल तपासण्याची खूण खात्याच्या सेटिंग्जमधून काढता येते. आम्ही टपाल सकाळी, दुपारी आणि कचेरी बंद करताना पाहतो.  तारीख चुकली होती ती टपाल कमी वेळा पाहिल्याने नव्हे. दिवसभर पाहत होतो तरी चुकली होती.

दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. ही चाळणी ज्या संगणकावर लिहिली तेथे प्रोग्रॅम चालू असेल तेव्हाच चालते. खिशातल्या फोनला तिची माहिती नसते. आणि ही सारी मांडणी संगणकावरच्या एका प्रोफाइल नावाच्या फोल्डरात असते. प्रोग्रॅम बंद करून त्याची नक्कल महिन्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. नाहीतर यंत्र बिघडले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

ही मांडणी आम्ही एकट्याने केली नाही. कचेरीतल्या चौघांनी बसून कोणते पत्र महत्त्वाचे हे आधी कागदावर लिहिले. यंत्राला हात नंतर लावला. त्या कागदासाठी एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि यंत्राला जेमतेम तासभर पुरला. कारकुनांना जे एकट्याला ठाऊक होते ते आता चौघांना ठाऊक आहे. आपणही घरी, दुकानात किंवा पतपेढीत हे करणार असाल तर कागदापासून आरंभ करावा. ह्या रविवारी तीनच गोष्टी करा: अक्षर मोठे करा, टिंग बंद करा, आणि जे पत्र चुकले तर कोणाचे तरी नुकसान होईल त्याला तांबडा रंग द्या.

तो वेल्डर अजून कधी कधी कचेरीत येतो. फळ्यावरच्या तारखा तो उभ्याने वाचतो, मग बसतो. आम्ही त्याला कधी काही विचारत नाही.