फंडाच्या कागदावरचे नाव

बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी २६ वर्षे कारकून होतो. कामगारांची हजेरी आणि भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे आपल्या बोलीत फंडाचे, कागद माझ्याकडे असत. माझ्या हातून झालेली एक चूक आज तुम्हाला सांगायची आहे.

ऐन गाळप हंगामात आमचा एक फिटर हृदयविकाराने गेला. वय अवघे ३८. तेराव्यानंतर त्याची आई आणि बायको ऑफिसात आल्या. मी त्याचा नामनिर्देशनाचा फॉर्म काढला. नोकरीला लागताना, लग्नाच्या आधी भरलेला. त्यावर आईचे नाव. मी सांगून टाकले, "आजी, पैसे तुमच्या नावावर निघतील." सून काहीच बोलली नाही. धाकट्याला कडेवर घेऊन निघून गेली. महिनाभरात त्या घरात दोन चुली झाल्या.

पुढे फंडाच्या कार्यालयातून अर्ज परत आला, तेव्हा मी नियम नीट वाचला. १९५२ च्या योजनेत स्पष्ट लिहिले आहे की, लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्न झाल्यावर रद्द समजले जाते, नवे करावे लागते. ते केलेले नसेल तर रक्कम कुटुंबात सारखी वाटली जाते. पत्नी, अज्ञान मुले, आणि मुलावर अवलंबून असलेली आई, सगळ्यांचा त्यात वाटा. म्हणजे भांडण लागण्याचे कारणच नव्हते. ते मी लावले होते.

दुसरी गोष्ट मला त्याच वेळी उमगली. लोक फंडाची रक्कम घेतात आणि समजतात, संपले. पण नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांचे हक्क तीन असतात. पहिला, साठलेला फंड व्याजासह. दुसरा, १९९५ च्या योजनेचे कुटुंब निवृत्तिवेतन. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी ते विधवेला मिळते, आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना तिच्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के. तिसरा, १९७६ च्या योजनेचा विमा. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काही कापत नाही, म्हणून घरी कुणाला त्याचा पत्ताच नसतो. २०२१ पासून या विम्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे.

या तिन्हींसाठी आता एकच एकत्रित अर्ज चालतो. सोबत मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक, आधार आणि मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा. गाडी अडते ती बहुधा नावापाशी. बाईचे आधारवर सासरचे नाव, बँकेत माहेरचे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. हे आधीच सारखे करून घ्या. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करा. आणि अर्जाला फी नसते, तेव्हा कुणाला टक्केवारी देऊ नका.

आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. उचल घेऊन कोयता चालवणाऱ्या त्यातल्या बहुतेकांच्या नशिबी हा फंड नाही. ज्यांच्या पगारातून तो कापला जातो, त्यांनी तरी तो कागदावाचून अडकू देऊ नये.

त्या फिटरच्या घरी मी एका रविवारी गेलो. दोघींना समोर बसवून म्हणालो, "आजी, चूक माझी आहे. यात तुमचाही वाटा आहे, सुनेचाही आणि लेकरांचाही. पेन्शन मात्र सुनेला आणि लेकरांना." म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अगं, भाऊंना चहा टाक." कित्येक महिन्यांत तिने सुनेला मारलेली ती पहिली हाक होती, हे मला नंतर कळले.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी एवढे करा. लग्न झाले असेल तर नवे नामनिर्देशन भरले आहे का ते पाहा. आता ते ऑनलाइनही होते. फंडाचा १२ आकडी नंबर घरच्या लक्ष्मीला लिहून द्या. अशा गोष्टी बोलणे आपल्याकडे अशुभ मानतात. पण न बोलल्याने काय होते, ते मी त्या घरात पाहिले आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)