गुप्त ग्राहक कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



प्रजेचे सुखदुःख जाणून घेण्यासाठी वेष पालटून रात्री नगरात फिरणाऱ्या राजांच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. त्या गोष्टींतला राजा गरिबाच्या दाराशी थांबतो, त्याचे ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी दरबारात अधिकाऱ्याला जाब विचारतो. आजच्या व्यापारी जगानेही असा एक वेषधारी निर्माण केला आहे. त्याला 'गुप्त ग्राहक' असे म्हणतात. फरक एवढाच की, हा वेषधारी ज्याची नोंद करून नेतो तो अधिकारी नसतो. तो बहुधा सर्वांत खालच्या पायरीवर उभा असलेला नोकर असतो. हा फरक लहान नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

या पद्धतीला हे नाव मिळाले ते १९४० च्या दशकात, अमेरिकेत. बँकांतील रोखपाल आणि दुकानांतील विक्रेते गल्ल्यात हात घालतात काय, हे मालकाला कळावे म्हणून खोटे ग्राहक पाठविले जात. म्हणजे जन्मापासूनच या पद्धतीची नजर नोकरावर होती. पुढे हॉटेलांच्या मोठ्या साखळ्यांनी ती उचलली. गुप्त ग्राहक सामान्य प्रवाशासारखा येतो, खोली घेतो, जेवतो, झोपतो. परंतु त्याच्यापाशी एक लांबलचक प्रश्नावली असते. स्वागतकक्षात किती मिनिटे तिष्ठावे लागले? नोकराने हसून नमस्कार केला काय? त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव कोणते होते? चादरीवर डाग होता काय? न्हाणीघराचा कोपरा कोरडा होता काय? प्रत्येक उत्तराला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे छायाचित्र. पलंगाचे छायाचित्र, ताटाचे छायाचित्र, बिलाचे छायाचित्र. सारे काही कोणाला न कळता टिपावयाचे आणि ठरलेल्या मुदतीत धाडून द्यावयाचे, अशी अट असते.

स्वच्छतेची तपासणीच नको, असे कोणी म्हणणार नाही. धाराशिव जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास तुळजापुरास लाखो भाविक लोटतात. त्यांतले असंख्य लोक पायी आलेले, पदरी चार पैसे बांधून आलेले असतात. पुण्याहून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग याच जिल्ह्यातील नळदुर्ग आणि उमरगा येथून जातो. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा दुसरा. या रस्त्यांवरील लॉजात, खानावळींत आणि ढाब्यांत उतरणाऱ्या ट्रकचालकाला आणि यात्रेकरूला स्वच्छ पाणी, ताजे अन्न आणि ढेकणांविना अंथरूण मिळाले पाहिजे, हा त्यांचा हक्क आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाने तर सामान्य खरेदीदारालाही, ठरलेली फी भरून, विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याची मुभा दिली आहे. तेव्हा तपासणी हवीच. मात्र कोणतीही तपासणी पुढे आली की तीन प्रश्न विचारावेत. तपासणाऱ्याला कोणी पाठविले? तो कोणाकडे पाहतो? आणि त्याचा अहवाल कोणाला वाचावयास मिळतो?

हॉटेलच्या गुप्त ग्राहकाला हे प्रश्न विचारले तर उत्तरे स्पष्ट मिळतात. त्याला मालक पाठवितो. तो वाढप्याकडे आणि खोल्या झाडणाऱ्याकडे पाहतो. अहवाल मालकाच्या कपाटात जातो. चादरीवरचा डाग छायाचित्रात उमटतो. ती चादर बदलणाऱ्या पोराने त्या दिवशी किती खोल्या झाडल्या, किती तास तो पायांवर उभा होता, त्याला आठवड्याची सुटी मिळाली होती काय, हे छायाचित्रात उमटत नाही. वाढपी हसला नाही, याची नोंद होते. तो का हसला नाही, याला प्रश्नावलीत रकाना नसतो. दोष खरा असेल, पण त्याचे कारण चौकटीबाहेर राहते आणि शिक्षा मात्र चौकटीत सापडलेल्या माणसाला होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा गुप्त ग्राहकही भांडवलदार नव्हे. तोही तुकड्या-तुकड्याने काम करणारा श्रमिकच आहे. खोलीचे आणि जेवणाचे पैसे बहुधा त्याने आपल्या खिशातून आधी भरावयाचे. अहवाल पसंत पडल्यावर ते परत मिळावयाचे. छायाचित्र अस्पष्ट आले, एखादी वेळ नोंदवावयाची राहिली, बिल हरवले, की अहवाल परत येतो आणि मेहनताना अडतो. एक श्रमिक दुसऱ्या श्रमिकाची उणीव टिपतो आणि त्या टिपणीत उणीव राहिली तर त्याचीही कमाई कापली जाते. दोघांवर नजर ठेवणारा तिसरा मात्र कोणाच्याच छायाचित्रात येत नाही.

या अगतिकतेचा फायदा ठकांनीही घेतला आहे. घरबसल्या हॉटेलांना चांगले शेरे द्या आणि पैसे मिळवा, असे निरोप बेकार तरुणांच्या मोबाइलवर येतात. पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये हाती पडतात. मग 'मोठ्या कामा'साठी अनामत मागितली जाते आणि ती बुडते. अशा अर्धवेळ नोकरीच्या फसवणुकीत गुंतलेली शंभरांहून अधिक संकेतस्थळे केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली. कामासाठी मजुरानेच आधी अनामत भरावयाची असेल तर ते काम नव्हे, हे गावोगावच्या तरुणांना सांगणे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदविली पाहिजे.

छायाचित्र दाखवा, तरच काम झाले असे मानू, ही रीत हॉटेलच्या खोलीपुरती राहिली असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. ती धाराशिवसारख्या जिल्ह्यांच्या उघड्या माळावरही येऊन पोहोचली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडून जगली. त्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आणला. पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. या कामांवरची हजेरी हजेरीपटावर घेतली जाई. मे २०२२ पासून, वीस किंवा अधिक मजूर असलेल्या कामांवर, मोबाइलवरून हजेरी नोंदविण्याची आणि दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र धाडण्याची सक्ती झाली. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, ती सर्वत्र लागू करण्यात आली. छायाचित्रासोबत वेळ आणि ठिकाणही नोंदविले जाऊ लागले.

सरकारने हे का केले? खोट्या नावांचे हजेरीपट हा रोजगार हमीचा जुना रोग आहे, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कामावर नसलेल्या माणसांच्या नावे पैसे उचलले गेले आणि घाम गाळणारा उपाशी राहिला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पण औषध रोगावर लागू पडले काय? ग्रामीण विकास मंत्रालयाच्याच जुलै २०२५ च्या परिपत्रकाने याचे उत्तर दिले आहे. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्राचेच पुन्हा काढलेले छायाचित्र, एकच छायाचित्र अनेक हजेरीपटांना जोडलेले, अशा युक्त्या त्यात नोंदविल्या आहेत. खोटे करणाऱ्याने नवे साधन चार दिवसांत आत्मसात केले. अडला तो खरा मजूर. मोबाइलला रेंज नाही, छायाचित्र चढत नाही, दुसऱ्या छायाचित्रासाठी काम संपल्यावरही थांबावे लागते, आणि नोंद झाली नाही तर राबूनही दिवस बुडतो, या तक्रारी घेऊन फेब्रुवारी २०२३ पासून निरनिराळ्या राज्यांतील मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर प्रदीर्घ धरणे धरले. बांधावर किती माती पडली हे मोजमापाने ठरते; चेहऱ्याच्या छायाचित्राने ठरत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. त्यातही अशाच साधनांवर भर आहे. म्हणून हा प्रश्न संपलेला नाही.

मग गुप्त ग्राहक ही कल्पनाच त्याज्य ठरते काय? तसे म्हणता येणार नाही. धाराशिवला लागूनच बीड जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत तेथे सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली राहिल्याचे दिसून आले. याच जिल्ह्यातील परळी येथे २०१० मध्ये ॲडव्होकेट वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने गर्भवती स्त्रीला ग्राहक म्हणून पाठविले आणि गर्भलिंगनिदानाचा धंदा पुराव्यासह उजेडात आणला. तेथेही वेषांतर होते, तेथेही चित्रण होते, पुराव्याच्या अटी तर हॉटेलच्या प्रश्नावलीहून कितीतरी कडक होत्या. परंतु तिन्ही प्रश्नांची उत्तरे उलटी होती. त्या ग्राहकाला मालकाने नव्हे, स्त्रियांच्या चळवळीने पाठविले होते. तिची नजर दुबळ्या नोकरावर नव्हे, पैसा आणि प्रतिष्ठा असलेल्या डॉक्टरावर होती. आणि तिचा पुरावा कपाटात नव्हे, उघड न्यायालयात जावयाचा होता. हत्यार तेच, पण धरणारा हात बदलला की त्याचा धर्म बदलतो.

हॉटेल कामगारापुरते बोलावयाचे तर त्याच्या बाजूने पाहणारा डोळा दिवसेंदिवस मिटत चालला आहे. कामगार निरीक्षणाविषयीचा १९४७ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९४९ मध्ये मान्य केला. निरीक्षकाने पूर्वसूचना न देता, दिवसा वा रात्री केव्हाही, कामाच्या जागी प्रवेश करावा, असा अधिकार तो करार देतो. हा निरीक्षक अचानक येतो, पण वेष पालटून येत नाही. तो आपले ओळखपत्र दाखवितो आणि कामगाराला त्याचे वेतन विचारतो. परंतु महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने निरीक्षकाचा 'सुविधाकार' केला, आणि दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची सवलत दिली. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमलात आलेल्या केंद्रीय श्रमसंहितांनीही निरीक्षकाच्या पदनामाला तेच शेपूट जोडले. लहान गावातील किती लॉज आणि खानावळी वीस कामगार ठेवतात? म्हणजे मालकाचा निरीक्षक वेष पालटून खोलीत शिरतो आणि कामगाराचा निरीक्षक दाराशीच थबकतो, अशी ही परिस्थिती आहे.

ढाब्यावर आणि हॉटेलात बालकांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. कपबशा विसळणारा बारा वर्षांचा पोर कोठे दिसला तर त्याची दखल कोणी घ्यावयाची? मालकाने सजविलेल्या प्रश्नावलीत तो प्रश्न असण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. ती दखल नागरिकानेच घेतली पाहिजे. परंतु तीही त्या पोराचे छायाचित्र जगभर मिरवून नव्हे. त्याला सोडवून शाळेत पोहोचविण्याची जबाबदारी उचलून ती घेतली पाहिजे.

गुप्त नजरेला खरा पर्याय आहे तो उघड हिशेबाचा. २००५ च्या कायद्याने आपल्या १७ व्या कलमात ग्रामसभेकडे कामांचे सामाजिक अंकेक्षण सोपविले होते. हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचावयाचा. ज्याचे नाव आले तो उभा राहील. जो कामावर नव्हताच त्याचे नाव आले तर सारे गाव हसेल, आणि जो राबला त्याचे नाव आले नाही तर तो तेथल्या तेथे विचारील. या पद्धतीत तपासणारा आणि तपासला जाणारा असे दोन वर्ग उरत नाहीत. मुकादमाचीही तपासणी होते, अभियंत्याचीही होते आणि सरपंचाचीही होते. कायद्याचे नाव बदलले म्हणून हे तत्त्व सोडण्याचे कारण नाही. ज्या गावात हजेरीपट वाचला जात नाही, त्या गावात तो वाचावयास लावणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम.

दुसरे काम तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा येथील हॉटेल कामगारांमध्ये आहे. ज्या अहवालावरून कामगाराचे वेतन कापले जाईल वा त्याची नोकरी जाईल, तो अहवाल त्याला वाचावयास मिळाला पाहिजे आणि त्यावर त्याचे म्हणणे नोंदले गेले पाहिजे, ही मागणी साधी आहे. त्याच कागदावर कामाचे तास, खोल्यांची संख्या आणि साप्ताहिक सुटी यांचेही रकाने असावेत, ही मागणी तेवढीच न्याय्य आहे. यात्रेकरू आणि वाढपी यांचे हितसंबंध परस्परविरोधी नाहीत. सोळा तास उभा राहिलेला माणूस स्वच्छ ताट वाढू शकत नाही, हे भुकेल्या यात्रेकरूला कोणी समजावून सांगितले तर तो वाढप्यावर डाफरणार नाही. तो गल्ल्याकडे वळून विचारील.

वेष पालटून फिरणाऱ्या राजाची वाट पाहण्याचे दिवस लोकशाहीत संपले आहेत. लोकशाहीत प्रजेने आपल्याच वेषात, भर उजेडात, चारचौघांत हिशेब मागावयाचा असतो. धाराशिवच्या माळावरील मजुराने आणि तुळजापूरच्या लॉजातील पोराने असा हिशेब मागितला, तर त्यांच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे उत्तर मात्र येथे जमलेल्यांनी द्यावयाचे आहे.