उद्रेकाच्या घरातील माणसे : भावनिक अस्थिरता आणि शुभंकरांचे शिक्षण

मानसिक आजारांविषयी मराठीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे लेखन आणि जे संघटन झाले, त्यातून नैराश्य, स्किझोफ्रेनिया आणि व्यसनाधीनता हे शब्द सातारा-सांगलीच्या सामान्य वाचकाच्या बोलण्यात आले. परंतु ज्या विकारात माणसाची बुद्धी शाबूत असते, तो शिकतो, नोकरी करतो, चारचौघांत हसून बोलतो आणि घरात मात्र एखाद्या शब्दाने क्षणात पेटून उठतो, त्या विकाराचे नाव बहुतेक घरांना प्रथम दिसते ते डॉक्टरांच्या कागदावर. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, अर्थात सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार, हे ते नाव होय. प्रस्तुत व्याख्यानाचा रोख रुग्णापेक्षा त्याच्या घराकडे अधिक आहे. अशा घराला सहानुभूती पुरत नाही आणि माहितीचे पत्रकही पुरत नाही. त्याला शिक्षण लागते, म्हणजे सरावाने अंगी बाणवायचे कौशल्य लागते, आणि ते देण्याची व्यवस्था उभारणे या दोन जिल्ह्यांच्या आवाक्यात आहे, हे येथे मांडावयाचे आहे.

‘सीमावर्ती’ हे विशेषण १९३८ साली अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकाने सौम्य आणि तीव्र मनोविकारांच्या सीमेवर असलेल्या रुग्णांसाठी वापरले, आणि १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या विकाराला अधिकृत स्थान मिळाले. या पुस्तिकेच्या सध्याच्या आवृत्तीत नऊ लक्षणे सांगितली असून त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ दिसत असतील तर निदान करता येते. जवळचे माणूस सोडून जाईल ही सततची धास्ती, आज देव मानलेल्या माणसाला उद्या शत्रू ठरवणारी नाती, स्वतःविषयीची डळमळती प्रतिमा, उतावळी कृत्ये, स्वतःला इजा करून घेणे अथवा मरणाची भाषा करणे, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, आत काहीच नसल्याची पोकळी, न आवरणारा राग आणि ताणाच्या वेळी येणारा संशय किंवा बधिरपणा अशी ती लक्षणे आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक अभ्यासक भावनिक अनियमन पाहतात. त्याचे तीन पदर आहेत : भावना लवकर चेतते, इतरांच्या मानाने फार वर चढते आणि खाली उतरायला फार वेळ घेते. घरातील माणसांना दिसतो तो फक्त दुसरा पदर. पहिला आणि तिसरा पदर रुग्ण एकटाच सोसत असतो.

सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी या विकारासाठी द्वंद्वात्मक वर्तनोपचार ही पद्धत घडवली आणि १९९३ साली ती ग्रंथरूपाने मांडली. भाजून त्वचा गेलेल्या माणसाला साधा स्पर्शही जसा असह्य होतो, तशी या रुग्णांची भावनेच्या बाबतीत स्थिती असते, असे त्यांनी सांगितले. तरुणपणी आपण स्वतः दीर्घकाळ रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीर केले तेव्हा या सांगण्यामागचा अनुभवही लोकांसमोर आला. त्यांच्या सिद्धान्तानुसार हा विकार एका कारणाने होत नाही. जन्मजात तीव्र संवेदनशीलता आणि ती भावना वारंवार खोटी, फाजील किंवा चुकीची ठरवणारे भोवताल या दोहोंच्या परस्परक्रियेतून तो वाढतो : मूल जितके अधिक तडफडते तितके घर अधिक नाकारते, आणि घर जितके नाकारते तितके मूल अधिक मोठ्याने तडफडते. यात आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही, कारण ‘एवढ्यातेवढ्यावरून रडायचं नसतं’ हे वाक्य त्याच घरातील थोरल्याला कणखर करून जाते आणि धाकटीच्या मात्र वर्मी लागते.

सातारा-सांगलीतील घरांची घडण या संदर्भात लक्षात घ्यावी लागते. जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी म्हणून गेले. खानापूर, आटपाडी आणि खटाव भागातील कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगली. सैन्यात मुलगा असलेली गावे तर साताऱ्यात ठिकठिकाणी आहेत. अशा घरात उद्रेक सोसणारी व्यक्ती एक आणि निर्णय देणारी दुसरी, तीही फोनवर, असे घडते. दिवसभर सोबत असलेली आई थकून नमते घेते, दूर असलेला बाप फोनवरून कडक होतो, आजी गुपचूप पैसे देते, आणि तीन माणसांचे तीन नियम झाले की मुळात अस्थिर असलेल्या मनाला टेकायला जागाच उरत नाही. बाई असेल तर ‘नाटकी’ आणि पुरुष असेल तर ‘तापट, बापावर गेलाय’ अशी विभागणी होते, आणि त्यामुळे पुष्कळ पुरुषांचा विकार व्यसनाच्या किंवा मारहाणीच्या वाटेने बाहेर येईपर्यंत कोणी ओळखतच नाही.

उदाहरणादाखल विट्याजवळच्या एका कल्पित घराचे चित्र घेता येईल. सांगलीला वसतिगृहात राहून शिकणारी मुलगी शनिवारी एसटीने घरी आलेली आहे, जिवलग मैत्रिणीने दुपारपासून फोन उचललेला नाही, आणि रात्री जेवताना भावाने सहज काही विचारताच ती ताट भिरकावते, आमटी भिंतीवर उडते, आणि ‘मी कुणालाच नकोय’ असे ओरडून ती खोलीची कडी लावते. अशा वेळी बहुतेक घरांत जे वाक्य तोंडातून निघते ते असे : ‘एक फोन उचलला नाही तर एवढा तमाशा? अन्नाला लाथ मारतीस?’ या वाक्यातील अन्नाविषयीची चीड खरी असते आणि रास्तही असते. परंतु मुलीच्या कानावर पडते ते एवढेच की तिची भीती हा तमाशा आहे. दुसरे टोकही तितकेच परिचयाचे आहे. आई दाराशी बसून रडते, नवीन मोबाइल घेऊन देण्याचे कबूल करते, भावाला तिची माफी मागायला लावते, आणि घर शांत होते.

प्रशिक्षित घर तिसरी वाट धरते. आई दाराबाहेरून, आवाज न चढवता, एवढेच म्हणते : ‘दुपारपास्नं वाट बघितलीस आणि तिचा फोन आला नाही, जीव कासावीस झाला असणार.’ त्यानंतर ती थांबते. उपदेश जोडत नाही, ‘पण’ जोडत नाही. उद्रेक ओसरल्यावर, कदाचित दुसऱ्या दिवशी सकाळी, भिंत पुसण्याचे काम मुलीकडेच राहते आणि ताट फेकणे या घरात चालणार नाही हे तिला सांगितले जाते. पहिल्या कृतीला मान्यता देणे म्हणतात. मान्यता म्हणजे सहमती नव्हे, आणि स्तुती तर नव्हेच; समोरच्याला जे वाटते आहे ते त्याच्या जागेवरून समजण्यासारखे आहे, एवढीच ती कबुली असते. दुसरी कृती म्हणजे मर्यादा. भावनेला मान्यता आणि कृतीला मर्यादा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच आवाजात करायच्या असतात, आणि हेच सर्वांत कठीण जाते, कारण रागावलेला माणूस मान्यता विसरतो आणि घाबरलेला माणूस मर्यादा सोडतो. नऊ वेळा ठाम राहून दहाव्यांदा, उद्रेक शिगेला पोहोचला असताना नमणारे घर तर नकळत एवढेच शिकवते की शिगेला पोहोचल्याखेरीज काही मिळत नाही. द्यायचेच असेल तर ते उद्रेकापूर्वी किंवा तो शमल्यावर द्यावे.

भारतीय कुटुंबाच्या अतिगुंतलेपणावर नेहमी टीका होते. या विकाराच्या बाबतीत ती तपासून घ्यावी लागेल. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांच्या १९५० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासांतून असे दिसले होते की, स्किझोफ्रेनियाचा रुग्ण टीका, वैरभाव आणि अतिगुंतवणूक असलेल्या घरी परतला तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. जिल हूली आणि पेरी हॉफमन यांनी १९९९ साली सीमावर्ती विकाराच्या रुग्णांवर असाच एक छोटा अभ्यास केला, तेव्हा निष्कर्ष उलटा आला : ज्यांच्या घरची माणसे भावनेने अधिक गुंतलेली होती, त्या रुग्णांची वाटचाल बरी झाली. अभ्यास लहान असल्याने त्यावर इमले बांधू नयेत. तथापि, ज्याला सोडून दिले जाण्याची भीती पोखरते, त्याला घरच्यांचे गुंतणे औषधी ठरावे यात नवल नाही. ‘थोडे दुर्लक्ष करा, आपोआप ठिकाणावर येईल’ हा नातेवाइकांचा लाडका सल्ला या विकारात हानिकारक ठरू शकतो.

हॉफमन यांच्याच २००३ सालच्या दुसऱ्या पाहणीतील निष्कर्ष शिक्षणाच्या प्रश्नाला थेट भिडतो. ज्या कुटुंबीयांना विकाराची माहिती जास्त होती, त्यांच्या मनावरचा भार कमी नव्हे, उलट अधिक आढळला. हातात काही करण्याचे कौशल्य नसताना संकटाचे पूर्ण ज्ञान होणे म्हणजे काय, हे यातून कळते. पेरी हॉफमन आणि अॅलन फ्रुझेटी यांनी रचलेला बारा आठवड्यांचा कुटुंबवर्ग नेमकी ही उणीव भरून काढतो. त्यात विकाराची माहिती थोडक्यात येते आणि बहुतेक वेळ सरावाला जातो : स्वतःचा राग ओळखणे, मान्यतेची वाक्ये प्रत्यक्ष उच्चारून पाहणे, घरातील तंट्याची सवड काढून उजळणी करणे. हा वर्ग बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण घेतलेले कुटुंबीयच चालवतात, हे त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात वर्गानंतर सहभागींचे दुःख आणि भार कमी झाल्याचे व परिस्थिती हाताळण्याचा विश्वास वाढल्याचे दिसले.

ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांसोबत नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि त्यांनाच उपचाराचे साथी केले. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली; भाऊ आजारी असलेल्या बहिणीची घालमेल मराठी प्रेक्षकांनी २००४ साली ‘देवराई’ चित्रपटात पाहिली. अशा गटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याच्या काळजीवाहकाला शुभंकर म्हणण्याचा प्रघात रूढ झाला आहे. साताऱ्याला तर याहून जवळचा वारसा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी येथे सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ संस्थेने व्यसनमुक्तीचे काम करता करता मानसमित्र घडवले. मानसमित्र म्हणजे भावनिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला सामान्य कार्यकर्ता. तो ऐकून घेतो, धीर देतो आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरांपर्यंत पोहोचवतो. देवरुष्याच्या अंगाऱ्याशी झगडलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून हे काम उभे राहिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण उद्रेकाला बाधा समजणारी घरे आजही आहेत आणि त्यांना हिणवून काही साधत नाही; आधी त्यांचे ऐकून घ्यावे लागते.

धोक्याच्या प्रसंगाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मरणाची भाषा ‘धमकी’ म्हणून सोडून देऊ नये. जीव नकोसा वाटतो का, असे सरळ आणि शांतपणे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, बहुधा बोलायला वाट मिळते. द्राक्षबागा आणि उसाच्या या पट्ट्यात फवारणीची औषधे पडवीत किंवा माडीवर उघडी असतात. ती कुलपात ठेवून किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे देणे ही कोणत्याही समुपदेशनाच्या आधी करायची गोष्ट आहे. १४४१६ या शासकीय टेलिमानस क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मराठीत बोलता येते. पोलीस केसच्या धास्तीने उपचार लांबवणाऱ्यांनी हे जाणावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ११५ वे कलम आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरते, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करू देत नाही, आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकते.

‘लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ हा तोडगा मात्र ठामपणे नाकारायला हवा, कारण जवळच्या नात्यातच ज्याला सर्वाधिक पोळते त्याला सर्वांत जवळचे नाते, तेही निदान लपवून, देणे म्हणजे दोन जीव एकदम संकटात लोटणे आहे. खास या विकारावरचे असे औषधही नाही. सोबतचे नैराश्य किंवा झोप यांसाठी डॉक्टर गोळ्या देतात, मुख्य उपचार संवादाचा असतो आणि तो महिनोन्‌महिने चालतो. तरीही भवितव्य लोक समजतात त्याहून पुष्कळ आशादायक आहे. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी या विकाराच्या २९० रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. दहा वर्षांत त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांत निदानाइतकी लक्षणे किमान दोन वर्षे तरी उरली नव्हती. काम आणि नाती यांची घडी नीट बसण्याचे प्रमाण मात्र निम्म्याच्या आसपास राहिले. लक्षणे ओसरली तरी मोडलेले शिक्षण आणि तुटलेली नाती आपोआप जुळत नाहीत, आणि घराचे काम तेथे पुढेही चालू राहते.

साताऱ्यात मानसमित्रांची परंपरा आहे, मिरज, सांगली आणि कराड येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, दोन्ही जिल्ह्यांत वाचनालयांची सभागृहे आहेत. यांना जोडून शुभंकरांसाठी बारा आठवड्यांचा वर्ग सुरू करणे मोठ्या खर्चाचे काम नाही. तो रविवारी दुपारी असावा, म्हणजे आटपाडी किंवा पाटणहून आलेल्यांना संध्याकाळची एसटी गाठता येईल. त्यात आईसोबत आजी आणि भावंडेही बसावीत, आणि गलाईसाठी कोइमतूरला किंवा माथाडी म्हणून मुंबईला असलेल्या बापाला मोबाइलवरून सामील करून घ्यावे, कारण नियम एक व्हायचा तर तो ठरताना सगळे हजर असले पाहिजेत. पहिली तुकडी डॉक्टरांनी आणि मानसमित्रांनी मिळून शिकवावी. दुसरीपासून पहिल्या तुकडीतील दोन शुभंकरांनी वर्ग हाती घ्यावा आणि डॉक्टरांनी पाठीमागे बसावे.