धडपडणाऱ्या मुलाला मारू नका, शिकवा
(कनेरगाव नाका येथील युवक मेळाव्यातील भाषण)



माझं बालपण याच नाक्यावर गेलं. इकडे हिंगोली, तिकडे वाशीम. आज मी तुमच्याशी माझ्या भाच्याबद्दल बोलणार आहे.

आठ वर्षांचा असताना घरात त्याला सगळे 'तोडफोड' म्हणायचे. हातातला ग्लास पडायचा, चालताना चौकटीला धडकायचा, सॅंडलचा पट्टा लावता यायचा नाही. वर्गात पाच मिनिटं बसायचा नाही. शाळेतून तक्रार, अरबीच्या वर्गातून तक्रार. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं लाडावला. आपानं तावीज बांधला. आणि मी, शिकलेला मामा, मी काय केलं? दूध सांडलं म्हणून एक दिवस त्याच्या कानाखाली वाजवली. तो म्हणाला, "मामू, मैं जानके नै गिराया."

ते खरं होतं. पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मुलाला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ राहत नाही, विचाराआधी कृती होते. शिवाय हालचालींचा मेळ बसत नाही. एडीएचडी असलेल्या सुमारे निम्म्या मुलांना हा दुसरा त्रासही असतो. औषधानं लक्ष सुधारलं, तरी बटण लावायला हात आपोआप शिकत नाहीत. ते वेगळं शिकवावं लागतं.

कसं शिकवायचं? कॅनडात हेलेन पोलाटाज्को आणि अँजेला मँडिक यांनी अशा मुलांसाठी एक पद्धत बसवली. तिच्या चार पायऱ्या आहेत: काय साधायचं, कसं करायचं, करून पाहा, जमलं का ते तपासा. ध्येय मूल स्वतः निवडतं. मोठ्या माणसानं उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा.

भाच्यानं सायकल निवडली. मी विचारायचो, "पडलास तेव्हा नजर कुठं होती?" "चाकाकडं." "मग आता कुठं ठेवशील?" "समोर." रोज पंधरा मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. आधी पॅडल न मारता नुसते पाय टेकत चालवणं, मग उतार, मग पॅडल. दीड महिना लागला. नंतर सॅंडलचा पट्टाही असाच जमला.

लंगडी, ठिकरी, लगोरी, दोरीच्या उड्या हे खेळही उपयोगी आहेत. तोल, नेम, ताल, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळं त्यात येतं. मात्र एक अट आहे. 'बाद' झालेलं मूल बाहेर बसवू नका. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाद होतो.

दोन इशारे देतो. ठरावीक व्यायामानं एडीएचडी मुळापासून घालवतो, असं म्हणून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खेळानं मदत होते, पण डॉक्टरांचे उपचार आपल्या मनानं बंद करायचे नाहीत.

दुसरं, मुलींबद्दल. दंगा करणारा मुलगा निदान दिसतो तरी. खिडकीबाहेर बघत बसलेली, सारखं विसरणारी मुलगी 'आळशी' ठरते. त्यात दहा-अकरा वर्षांची झाली की आपण तिचं मैदान बंद करतो. हा अन्याय आपल्या घरातला आहे, तो आपणच थांबवायचा.

2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, पुढचे उपचार मोफत असतात, आणि वाढीतल्या अडचणींत एडीएचडीचाही समावेश आहे. पथक अंगणवाडीत, शाळेत येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आणि तपासणाऱ्यांना स्वतःहून सांगा, "हा सारखा पडतो, याचं लक्ष लागत नाही." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचालींचा मेळ न बसणं, याचा उल्लेख आहे, हेही लक्षात ठेवा.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या गल्लीत असं एक मूल आहे. त्याला रोज पंधरा मिनिटं द्या. तावीज, टोमणे आणि थप्पड या तिन्हींपेक्षा ती जास्त कामाची आहेत. भाच्याची माफी मी मागितली आहे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे बोललो.