दूरगावची जुनी मोटार घेताना

बैल घ्यायला बाजारात गेलेला आपला शेतकरी काय करतो, हे आपणांस मी सांगायला नको. दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवतो आणि जमलेच तर जुंपूनही पाहतो. मगच रुमालाखाली बोटे धरली जातात. पण हाच चोखंदळ माणूस मोबाईलवर मोटारीचे चार फोटो पाहतो आणि न पाहिलेल्या गाडीसाठी, न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवून मोकळा होतो!

फुलंब्री तालुक्यातल्या एका गुरुजींचे असेच झाले. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागे. परतीच्या एस.टी.त म्हातारीला बसवेना, म्हणून जुनी गाडी घ्यायचे ठरले. मोबाईलवर पुण्याची एक गाडी दिसली, भाव बाजाराच्या निम्मा. विकणारा म्हणाला, "मी सैन्यात आहे, बदली झाली, म्हणून घाईने काढतोय." त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला, आर.सी. बुकाचा पाठवला. गाडी लष्कराच्या ट्रकमधून घरपोच येणार, आपण फक्त वाहतुकीचे अकरा हजार भरायचे! गुरुजींनी भरले. मग विम्याचे मागितले, मग परत मिळणाऱ्या अनामतीचे. अठ्ठेचाळीस हजार गेल्यावर फोन बंद झाला. ओळखपत्र कुणा भलत्याच जवानाचे होते. सैनिकाचे नाव पुढे आले की शंका घ्यायला आपल्यालाच लाज वाटते, आणि ठगाला हे पक्के ठाऊक असते.

तेव्हा मंडळी, गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयासुद्धा पाठवू नका. "दुसरे गिऱ्हाईक बसलेय, टोकन टाका," असे कुणी म्हणाले तर खुशाल त्या गिऱ्हाइकाला गाडी देऊ द्या. आणखी एक. पैसे घेण्यासाठी यू.पी.आय.चा पिन कधीच लागत नाही; पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. कुणी म्हणेल, "हा कोड स्कॅन करा, म्हणजे तुमचे पैसे परत येतील," तर तिथेच फोन ठेवा.

घरबसल्या करण्यासारखे एक काम मात्र आहे. केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घाला. नोंदणी केव्हाची, विमा कधी संपतो, बँकेचा बोजा आहे का, हे तिथे कळते. ई-चलनाचे थकलेले दंडही पाहून घ्या. बोजा दिसत असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हाती येईपर्यंत सौदा पुरा समजू नका. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते खरी, पण तिला तिथल्या आर.टी.ओ.चे ना हरकत पत्र लागते आणि आपल्याकडे कर पुन्हा भरावा लागतो. तो हिशेब आधी करा. पुष्कळदा स्वस्ताई तिथेच संपते.

मग मिस्त्रीला बरोबर घेऊन निघा. त्याची दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचा खर्च तुम्हांला जड वाटेल, पण द्या. इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर काहीतरी लपवायचे आहे असे धरून चाला. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. तळाशी चिखलाची रेघ असेल तर ती गाडी पुरात बुडालेली असू शकते. टायरवर चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटर चाळीस हजार दाखवते आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले, मग कुणाचे खरे मानायचे? मी तरी रबराचे मानीन. चॅसीवर ठोकलेला नंबर आर.सी.शी एकेक आकडा जुळवून घ्या.

पैसे द्यायचे ते आर.सी.वर ज्याचे नाव त्याच्याच बँक खात्यात, आणि तेही फॉर्म 29 व 30 वर सह्या झाल्यावर. मेहुण्याचे खाते, मित्राचे खाते, हे चालायचे नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे, असा 1988 च्या मोटार वाहन कायद्याचा दंडक आहे. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. विकणाऱ्यांनीही हे ऐकावे, बरं का! नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडे मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. गाडी गेली, नाव मागे राहिले, तर कोर्टाच्या खेपा तुमच्या.

फसगत झालीच तर लाजून घरात बसू नका. तत्काळ 1930 या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी कळले तर ते गोठवता येतात. गुरुजींनी आठ दिवस कुणाला सांगितले नाही, बायकोलासुद्धा नाही. तोवर खाते रिकामे झाले होते.

पुढे त्यांनी जालन्याहून गाडी घेतली. मिस्त्रीने पहिल्या दोन नापास केल्या, तिसरी पास केली. आता डायलिसिस झाले की आई मागच्या सीटवर आडवी होते आणि फुलंब्री येईपर्यंत झोपून असते.