गुण आणि शेरा

तपासलेल्या वह्या परत मिळाल्या की वर्गात एकच प्रश्न घुमतो, 'तुला किती?' गुण पाहिले की वही मिटते. मीही कित्येक वर्षे असेच गुण वाटीत आलो.

एकदा एका मुलीला वजाबाकीच्या दहा उदाहरणांत चारच गुण पडले. ५२ मधून ३८ वजा करून तिने उत्तर लिहिले होते २६. मी लाल शाईने फुली मारली. पुढे तीच वही चाळताना ध्यानात आले, की सहाही चुका एकाच जातीच्या होत्या. हातचा घेण्याऐवजी ती प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत होती. म्हणजे चूक एकच होती, आणि माझ्या सहा फुल्यांनी ती तिला सांगितली नव्हती.

१९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ शेरे मिळाले, त्यांचे काम सुधारले; शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांचे सुधारले नाही. गुणांपुढे शेरा वाचतो कोण?

आता मी प्रथम फक्त शेरा लिहितो, 'एककस्थानी दोनातून आठ जातील का?' मूल उदाहरण पुन्हा सोडविते, गुण त्यानंतर. वार्षिक परीक्षेत गुण हवेतच. परंतु रोजची तपासणी हा निकाल नव्हे, ती शिकवणीच होय.

पालकांनीही मूल घरी आल्यावर 'किती मिळाले?' असे न विचारता, 'कोठे अडले?' असे विचारून पाहावे.