रविवार कोणाचा?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला 'सुट्टीतले छंद' आणि वेळ दिली वीस मिनिटं. जेवणाआधीची वीस मिनिटं, म्हणजे तुमचं अर्धं लक्ष मोदकांकडे असणार हे मी धरूनच चालते. धावणं, फोटो काढणं आणि घरातली लाकूडकामाची खटपट असे माझे तीन छंद आहेत. त्यांच्याबद्दल बोलेनच. पण ज्या दिवशी हे छंद होतात, त्या रविवारापासून सुरुवात करू.

रविवार आपल्याला आकाशातून मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम आणि सणावारी काय मिळेल तेवढीच मोकळीक. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्या गिरण्यांमध्ये सर्वांत जास्त माणसं कुठली होती? आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची. इथे बसलेल्यांपैकी किती जणांचे पणजोबा, खापरपणजोबा परळ-लालबागच्या खोल्यांमध्ये राहिले असतील, तुम्हीच मोजा. तेव्हा रविवार ही आपल्या घराण्यातली मिळकत आहे. कलमांच्या बागेसारखी. तिचं आपण काय करतो, एवढाच प्रश्न.

आता खरं सांगा, गेल्या रविवारी तुम्ही काय केलंत? माझ्या क्षेत्रात शुक्रवारी रात्री कामाचा संगणक बंद होतो, पण फोन बंद होत नाही. शनिवार कपडे, किराणा, मुलांचे क्लास यांत जातो. रविवारी उशिरा उठायचं, दुपारी जड जेवायचं आणि संध्याकाळी सोमवारच्या विचाराने तोंड कडू करून घ्यायचं. हे झालं पुरुषांचं. बायकांचा रविवार म्हणजे घरात सगळे असतात म्हणून दुप्पट स्वयंपाकाचा दिवस. आपल्या आयांना रविवार होता का, हे आठवून बघा. माझ्या आईला नव्हता. सहा दिवस ती एका डब्यापुरती पहाटे उठायची, आणि सातव्या दिवशी मासे साफ करायला. म्हणून 'छंद' हा शब्द मला गमतीचा वाटत नाही. छंद म्हणजे आठवड्यातले दोन तास माझे आहेत, असं घरात मोठ्याने म्हणता येणं. मैत्रिणींनो, ते दोन तास कोणी आणून देत नाही. लोखंड्यांनी मागितले तसे मागावे लागतात.

छंदाने काय होऊ शकतं याचं उदाहरण द्यायला मला परदेशात जायची गरज नाही. ते आपल्या पायाखालीच आहे.

आपण सगळे सड्यावर वाढलो. सड्यावर गुरं चरतात, पावसात फुलं येतात, उन्हाळ्यात पाय भाजतात, यापलीकडे सड्याचा आपण विचार केला नव्हता. त्या जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत, हे काही गावांमध्ये गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. कुठे ती पांडवांची म्हणून सांगितली जात, कुठे देवाची म्हणून त्यांना नारळ ठेवला जाई. लिखित नोंद मात्र मोजक्याच ठिकाणांची होती. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी त्यांचा पद्धतशीर शोध घ्यायला सुरुवात केली. रिसबूड पेशाने अभियंते, पक्षी आणि निसर्ग हा त्यांचा छंद. ही मंडळी आपापली कामं सांभाळून सडे तुडवत राहिली. गावोगावच्या जुन्या माणसांना विचारलं. शाळांमध्ये जाऊन मुलांना सांगितलं, की घरी आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे चित्रं पाहिलीत का. पुढे स्थानिक लोक आपणहून खबर देऊ लागले.

कोकणात अनेक ठिकाणी मिळून दीड हजारांवर कातळशिल्पं नोंदली गेली आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत त्यांतली नऊ ठिकाणं गेली. त्यांतली सात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. उरलेल्यांपैकी कुडोपी सिंधुदुर्गात आणि फणसामळ गोव्यात. आपण पावसहून पूर्णगडमार्गे कनकादित्याच्या दर्शनाला ज्या कशेळीला जायचो, तिथल्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कोरलेला आहे, आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी. एकाच गावात देवही होता आणि हत्तीही. देवाला आपण नमस्कार केला, हत्तीची आपल्याला कल्पनाही नव्हती. कोकणातल्या या चित्रांमध्ये गेंडा आणि पाणघोडा ओळखता येतो, जे आज कोकणात कुठेच नाहीत. शेतीची, नांगराची चित्रं सापडत नाहीत. त्यावरून ती शिकार करून जगणाऱ्या माणसांनी, काही हजार वर्षांपूर्वी कोरली असावीत, असं अभ्यासक मानतात.

यात मला विशेष काय वाटतं ते सांगते. ही चित्रं एखाद्या मोठ्या मोहिमेने किंवा मोठ्या निधीने उजेडात आली नाहीत. ती सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या माणसांनी उजेडात आणली. आणि हे वेळेत झालं. कारण ज्या दगडावर ती आहेत तोच आपला चिरा. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, अवजाराने कापता येतो, आणि हवेवर राहिला की कठीण होतो. म्हणून त्याच्यावर कोरताही आलं आणि म्हणूनच त्याची घरंही झाली. आपल्या शाळेच्या भिंती त्याच्याच. आज चिरेखाणी, नवे रस्ते, आणि सडा फोडून लावलेली कलमं यांच्यात ही चित्रं आहेत. खाणीतलं यंत्र एका दिवसात जे कापून नेईल, ते परत कोरणारं कोणी नाही. नोंद असली तर निदान कोणी हात धरून थांबवू शकतो. उक्षीच्या गावकऱ्यांनी हत्तीभोवती चिऱ्याचा गडगा घालून तो राखला, कारण तो हत्ती आहे हे आधी त्यांना कळलं होतं.

आता माझ्या छंदांकडे येते.

पहिला फोटोंचा. कातळशिल्पाचा फोटो भर दुपारी काढायला गेलात तर काही दिसणार नाही. खाच काही सेंटिमीटरांचीच असते, आणि डोक्यावरच्या उन्हात सावली पडत नाही. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास आणि मावळण्याआधीचा शेवटचा तास, तेव्हा तिरपं ऊन रेषेच्या एका कडेवर पडतं आणि सपाट वाटणाऱ्या कातळातून अख्खा प्राणी वर येतो. पावसाळ्यानंतर गवत माजलेलं असतं, ते वाळून बसलं की डिसेंबर ते मे हा चांगला काळ. शेजारी मोजपट्टी किंवा मापाची काठी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रांगोळी काहीही भरू नये, आणि चित्रावर पाय देऊ नये.

यात माझ्या धंद्याचा थोडा उपयोग होतो. एकाच चित्राचे साध्या फोनवर शंभरेक फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर या फोटोंमधले सामायिक बिंदू शोधतं, प्रत्येक फोटो कुठून काढला ते गणिताने ठरवतं आणि त्या दगडाची उंचसखल प्रतिकृती संगणकावर तयार करतं. नंतर त्या प्रतिकृतीवर हव्या त्या बाजूने उजेड टाकून बघता येतं. सड्यावरची सकाळ मग घरातल्या टेबलावर कधीही होते.

दुसरा छंद धावण्याचा. इथे सुट्टीला आले की मी पहाटे गोळपच्या चढावर धावते. पहिल्यांदा धावले तेव्हा एक काका थांबून काळजीने म्हणाले, "काय गो, एसटी चुकली काय?" पन्नाशीकडे झुकलेली बाई कारणाशिवाय धावते, ही गोष्ट आपल्या रस्त्यांना अजून सवयीची नाही. पण कारण आहे. चाळिशीनंतर, आणि पाळी थांबल्यावर तर जास्तच, बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात. शरीराचं वजन पायांवर पेलणारा व्यायाम त्यांना धरून ठेवायला मदत करतो. चालणं, चढणं, धावणं यांतलं झेपेल ते. किनाऱ्यावरच्या हवेत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दमटपणामुळे घाम सुकत नाही, सुकत नाही म्हणून अंग गार होत नाही, आणि हृदयाला जास्त काम पडतं. पुण्यात ज्या वेगाने धावता येतं तो वेग इथे धरायचा नाही. उजाडायच्या आत निघायचं, हळू धावायचं, पाणी बरोबर ठेवायचं. गुडघे किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. भाट्यापर्यंत धावायलाच हवं असं काही नाही. स्वामी स्वरूपानंदांच्या मंदिरापासून गणेशगुळ्याच्या समुद्रापर्यंत चालत गेलात तरी सकाळ सार्थकी लागते.

तिसरा छंद लाकडाचा. पडवीतल्या झोपाळ्याची फळी जुनी झाली होती, ती मी दोन सुट्ट्यांमध्ये बदलली. फणसाची फळी घेतली. फणस पिवळा, रंध्याखाली गुळगुळीत होतो आणि वर्षांगणिक तांबूस होत जातो. गावातल्या सुतारदादांनी गुण्या कसा धरायचा आणि पटाशीला धार कशी लावायची ते शिकवलं. माझ्या कामात चुकलेली ओळ एका कळीने मागे घेता येते. फळी एकदा आखूड कापली की आखूडच. त्यामुळे हात लावण्याआधी बघायची सवय लागते, आणि ती सवय सोमवारी ऑफिसातही सोबत येते. आई आता त्या झोपाळ्यावर दुपारी बसते. कोणी आलं की "हे आमच्या मुलीने केलंय" असं सांगते. मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरबद्दल तिने असं कधीच कोणाला सांगितलेलं नाही.

कोणी म्हणेल, छंद ही शहरातल्या पगारदारांची चैन आहे. मला तसं वाटत नाही. दिवसभर शेतात राबून आपली माणसं रात्री नमन-खेळ्याची आणि जाखडीची तालीम करायची. मृदंग शिकलेला माणूस पगारासाठी शिकला नव्हता. त्यांना शनिवार नव्हता, तरी वेळ काढला. आपल्याला दोन दिवस आहेत.

तेव्हा या मेळाव्यात माझी एक सूचना आहे. आपण गटावर रोज शुभ सकाळची फुलं पाठवतो. त्याऐवजी वर्षभरात प्रत्येकाने एक सुट्टी आपल्या गावासाठी द्यावी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावं आणि विचारावं: आपल्या सड्याच्या कुठल्या भागाला काय नाव आहे? कातळावर कधी काही कोरलेलं पाहिलंय का? जुनी पाखाडी कुठून कुठे जायची? बारमाही पाण्याची जागा कुठली? उत्तर मोबाइलवर त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावं, जागेचा फोटो तारखेसह ठेवावा. जमीन कोणाची असेल त्यांना विचारूनच जावं. काही कोरलेलं सापडलं तर त्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये, आधी अभ्यासकांना आणि ग्रामपंचायतीला कळवावं. या नोंदी एकत्र ठेवण्याची व्यवस्था संगणकावर करून द्यायचं काम माझं. त्यासाठी माझे पुढचे काही रविवार मी राखून ठेवले आहेत.

हे काम पुढच्या मेळाव्यापर्यंत ढकलता येणार नाही. सड्यांची नावं ज्यांना पाठ आहेत ती माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. आपले सर आणि बाई समोर बसले आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल. जेवणानंतर मी मागच्या बाकाजवळ वही घेऊन बसणार आहे. आपलं नाव, गाव आणि कुठला रविवार देणार, एवढं लिहून जा. वही कोरी राहिली तर मोदक मिळणार नाहीत, असं संयोजकांशी माझं आधीच बोलणं झालं आहे.